पश्चिमेचे जनेल

उजेड आधी मांगराच्या, त्या तात्पुरत्या झोपडीच्या, छपरात आला. नारळीच्या विणलेल्या झापांमध्ये जिथे पाती सुकून आखडल्या होत्या, तिथे बारीक फटी पडल्या होत्या. त्या प्रथम राखाडी झाल्या, मग ताकाच्या रंगाच्या, आणि मग एकाएकी त्यांतल्या एकीतून तांबूस धागा खाली उतरून शेणाने सारवलेल्या जमिनीवर टेकला. दिगंबर चटईवर उताणा पडून त्या धाग्याकडे पाहत होता. धागा हलत नाही असे वाटे. पण डोळे मिटून दहा श्वास मोजले की तो सरकलेला असे. तो तांब्याच्या हंड्याच्या काठावर चढला, तिथून मिठाच्या मडक्यावर, तिथून कुडाशी ठेवलेल्या खाऱ्या बांगड्यांच्या टोपलीवर, आणि त्या टोपलीवर बराच वेळ थांबला. सुकून कडक झालेल्या माशांच्या पाठींवरचे निळसर पट्टे क्षणभर पुन्हा ओले दिसले.

इथली सकाळ समुद्राकडून येत नाही, हे तो विसरला होता. ती कट्टा गावाच्या बाजूने येते, डोंगराआडून, आंब्यांच्या काळोख्या डोक्यांवरून, माडांच्या खोडांमधून वाट काढीत, आणि समुद्राला सगळ्यांच्या शेवटी उठवते. तो उठून दाराशी आला तेव्हा समुद्र अजून शिळ्या पाण्यासारखा पडला होता. मात्र अंगणातल्या खळ्यापलीकडच्या नव्या घराच्या चिऱ्याच्या भिंती आतून पेटल्यासारख्या लाल झाल्या होत्या. घराला छप्पर नव्हते. उजेड पूर्वेच्या भिंतीवरून आत उतरत होता, प्रत्येक खोलीत पायरी-पायरीने भरत होता आणि पश्चिमेच्या भिंतीतल्या त्या प्रचंड मोकळ्या चौकोनातून, घरात काहीच न अडल्याप्रमाणे, समुद्राकडे निघून जात होता.

आज आढे चढायचे होते. नंतर वासे, रिपा, कौले. या घरात असा उजेड पुन्हा कधी येणार नव्हता.

शेफील्डमध्ये सकाळ होत नसे. काळोख हळूहळू विरळ होई, एवढेच. एकावन्न साली, मुंबईच्या कलाशाळेतून बाहेर पडून काही वर्षे उमेदवारी केल्यावर, अठ्ठाविसाव्या वर्षी तो बोटीने तिथे गेला. पोलादाच्या भट्ट्यांनी तिथले आभाळ इतके वापरले होते, की दुपारी बारा वाजताही लोक दिवा लावून वाचत. पहिली चार वर्षे त्याने नगरपालिकेच्या नकाशाघरात इतरांच्या इमारतींचे जिने काढले. मग एक शाळा, कामगारांच्या घरांच्या दोन ओळी, आणि साठ साली उतारावरचे वाचनालय. त्या वाचनालयाला त्याने दक्षिणेकडे नऊ फूट रुंदीची एकच खिडकी दिली. भट्टीपुढे आयुष्य काढलेली म्हातारी माणसे तिथे येऊन पुस्तक उघडे ठेवीत आणि नुसती बसत, दोन्ही हात उन्हात पसरून. त्याचे नाव त्यांच्या जिभेवर बसत नसे. ती त्याला खिडकीवाला म्हणत.

तीच खिडकी त्याने घराच्या नकाशात काढली होती. पश्चिमेला, समुद्रासमोर; खिडकीला इथे जनेल म्हणत. खोलीवर लिहिले होते: दिगंबरची खोली.

"उठलंस रे झिला?" मागून आईचा, आनंदीबाईचा आवाज आला. "चाय थंड होता मरे."

"येतो, आये."

"'येतंय' नाय, 'येतो' म्हणता," आई चुलीकडे वळून सुनेला म्हणाली, आणि तिच्या स्वरात कौतुक होते की आणखी काही, हे त्याला कळले नाही. "मामलेदार कचेरीत इल्यासारखो बोलता बघ माजो झील."

*

धाकट्या सत्यवानाची बायको सुगंधा मोठ्या दिराशी समोरासमोर बोलत नसे. तिचे लग्न झाले तेव्हा तो परदेशात होता. तिने त्याला पाहिले ते थेट नऊ दिवसांपूर्वी, मालवणच्या धक्क्यावर, बोटीतून उतरताना. बोलायचे ते ती सासूला सांगे आणि सासू त्याला सांगे, जरी तिघे दोन हातांच्या अंतरावर बसलेली असली तरी.

पण ती पाहत असे. तिने पाहिले होते, की त्याची पेटी दाराजवळच्या फळीवर आहे आणि बोटीवरचा शिक्का मारलेला कागद तिच्यावर अजून चिकटलेला आहे. रोज सकाळी तो पट्टे सोडून एक सदरा काढी, आणि पट्टे पुन्हा आवळी. तिने त्याच्यासाठी दोरी बांधली होती, कपडे टाकायला. त्या दोरीवर नऊ दिवसांत फक्त पंचा पडला होता.

"आये, रागवा नको," ती नारळ खवता खवता म्हणाली. "त्या जनेलाचा आजच काय तां ठरवा. आडां चडला काय मगे भार येतलो. मगे थय चिरो लावूक मिळाचो नाय, असा मेस्त्री म्हणता."

"तुका तां जनेल डोळ्यात सलता."

"माका पावस सलता. दोन पावस ह्या मांगरात काढलंय मी. उशाक पोरगी, पायाक पोरगो, आणि मदी गळतीखाली टोप."

"थय बसान दिगू कागद काढतलो." आनंदीबाईने शेवटचा शब्द बोलावा तसे म्हटले. "तेणा लिवल्यान हा तसा."

"कागद काढूक कागद सुको रवाक होयो मां?"

सासू देवांकडे वळली. देवांच्या फळीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी वाचनालयाचा फोटो होता. त्यातल्या खिडकीला तिने रोजच्याप्रमाणे हळदीकुंकू लावले. चार वर्षांच्या बोटांनी त्या खिडकीची काच आता लाल झाली होती. सुगंधेला एरवी हसू येई, आज आले नाही. पूर्वी इथे मातीचे जुने घर होते. दिगंबराचे पत्र आले: 'ते मोडा, चिऱ्याचे बांधा, नकाशा पाठवतो.' घर मोडले आठ दिवसांत. नकाशा यायला वर्ष लागले. या म्हातारीने त्या वर्षात एकदाही वाईट शब्द काढला नव्हता. घर मोडल्यावर मुलगा येतो, अशी तिची काहीतरी समजूत होती.

*

"ईलास, इंजनेरसाहेब!" गंगाराम मेस्त्री भिंतीवरूनच ओरडला. साठी उलटलेला हा माणूस मांजरासारखा चिऱ्यांच्या काठावरून चालत असे. खाली खळ्यात फणसाचे तासलेले आढे आडवे पडले होते. त्याच्या मध्यावर आंब्याचा टाळा आणि तांबडा फडका बांधला होता. शेजारची आठ-दहा माणसे दोर घेऊन सावलीत बसली होती. "ह्या तुमचा जनेल. माका एकच सांगा, ह्येच्यातसून होडी भायर काढूची आसा काय?"

माणसे हसली. सत्यवान हसला नाही. तो भावापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण केस त्याचेच आधी पिकले होते.

"मेस्त्री, दादाचो नकाशो आसा तो," तो म्हणाला. "इलायतेत ह्याच जनेल बघूक मानसां येतत."

"येवंदेत. तेंचो पावस येगळो आसतलो." गंगाराम खाली उतरला आणि त्या मोकळ्या चौकोनाशी, दिगंबराच्या शेजारी उभा राहिला. समोर आता समुद्रही उजळू लागला होता. "साहेब, एक इचारतंय. रागवा नको. मिरगानंतर पावस खंयसून मारता?"

दिगंबराने हात वर केला. त्याला उत्तर ठाऊक होते. इथल्या कुठल्याही पोराला ठाऊक असते. त्याचे बोट आपोआप समोर गेले, समुद्राच्या दिशेने, त्या नऊ फुटांच्या बरोबर मध्यावर. आणि तिथेच थांबले.

"मगे कागदार कसो इसारलास?" गंगाराम हळू म्हणाला. 'साहेब' त्याच्या तोंडातून गळून पडले होते. समोर आता जुन्या तांडेलाचा, गलबतावरच्या म्होरक्याचा, मुलगा होता. "तुजो बापूस ह्या अंगाक साधो झरोखोसुद्धा ठेवी नाय. पावसाळ्याआदी सगळी भिंत झापांनी बांधून काढी. तू तेच्या हाताक सुंब देय होतंस. माका आठावता."

दिगंबरालाही आठवले. काथ्याच्या सुंभाचा ओला, खारट वास आठवला. बापाची, शिडाच्या फतेमारीचे दोर ओढून दगडासारखी झालेली बोटे आठवली. सत्तावन्न साली बाप गेला, तेव्हा पत्र पोचेपर्यंत इथे बारावे होऊन गेले होते. पण हे सारे ठाऊक असूनही, तिकडे दिव्याखाली, नकाशाच्या निळ्या कागदासाठी रेघ ओढताना त्याला पाऊस आठवला नव्हता. त्याला फक्त ऊन हवे होते. तेरा वर्षे त्या गावात माणसाला जे हवे असते, ते त्याने इथल्या भिंतीत काढून दिले होते.

"तुम्ही मला कळवलं का नाही, गंगाराम?"

"मी सांगलंय. ह्येणा म्हटल्यान," आणि मेस्त्रीने सत्यवानाकडे हनुवटी केली, "नकाशात बोट घालूचा नाय."

"नायच घालूचा!" सत्यवान एकदम म्हणाला. "दादा, तुजा पत्र इला काय मी दहा खेपे वाचतंय. तो नकाशो मी उशाक घेवन निजलंय. गावात सगळे म्हणत, सत्यवाना, ह्या भगदाडाचा काय करतलंस? मी म्हणा, दादान काडल्यान म्हणजे तेतूर कायतरी आसतला." तो थांबला, आणि पुढचे वाक्य त्याच्या मनात फार दिवस तयार असावे तसे आले. "आता एकच सांग. येतलंस काय? येतलंस तर जनेल असांच रवतला. दर पावसात मी झापां बांदीन, आत ईलेला पाणी उपशीन. तुज्यासाठी करीन. पण नाय येतलंस तर मी माजी पोरां भिजवूचंय नाय."

 दोर धरलेल्यांपैकी एकाने विडी विझवली.

"बघू या, सत्यवान," दिगंबर म्हणाला. "एक मोठं काम हातात आहे. दोनेक वर्षांत..."

"आयकलंस?" आनंदीबाई केव्हा येऊन उभी राहिली होती कोणाला कळले नव्हते. पदराने तिने ऊन अडवले होते. "दोन वर्सांनी येतलो. बोललो तो. चडव रे आडां, गंगारामा."

'दोनेक वर्षांत.' दिगंबराने ते शब्द उच्चारले आणि त्याला आपले हस्ताक्षर दिसले. त्रेपन्न साली. पंचावन्न साली. बापाच्या सांत्वनाच्या पत्रात. प्रत्येक वेळी तो खरेच बोलत होता, असे त्याला वाटले होते. आताही वाटत होते.

"रवांदे तां जनेल."

आवाज दाराच्या चौकटीआडून आला. सुगंधा पाठमोरी उभी होती, जणू भिंतीशीच बोलत होती.

"तूच मां रोज बुजवा बुजवा म्हणी?" सत्यवान थक्क झाला.

"आता म्हणतंय, रवांदे. पाणी मी उपसतलंय. आये थय बसतली, समुद्र बघीत." ती क्षणभर थांबली. "थोरल्या भावजींका सांगा, पेटी सोडूक नाय तरी चलात. आमी जनेल ठेवतंव."

फक्त दिगंबराला त्या वाक्याचे वजन कळले. तिला ठाऊक होते. रोज सकाळी आवळलेले पट्टे तिने मोजले होते, आणि तरी ती म्हातारीसाठी पावसाळ्यामागून पावसाळे पाणी उपसायला तयार झाली होती. तो तिच्याकडे पाहू शकला नाही. त्याने खाली वाकून एक विझलेला कोळसा उचलला, सुतारांच्या चहासाठी पेटवलेल्या आगटीतला, आणि खिडकीच्या उघड्या कडेशी रचून ठेवलेल्या चिऱ्यांपाशी गेला. गंगारामाने ते चिरे कुणाला न सांगता मोजून आणून ठेवले होते.

त्याने त्या रचलेल्या चिऱ्यांवर चौकोन काढला. दीड हात रुंद, एक हात उंच. वर पुढे आलेली पट्टी. खाली बाहेरच्या बाजूला उतार.

"एवढं ठेवा," तो म्हणाला. "आये बसली की तिच्या डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर. बाकी बुजवा."

*

आनंदीबाईने चिरे बसताना पाहिले. एक थर, दुसरा थर, मध्ये चुन्याची ओली रेघ. समुद्र पायाकडून मिटत गेला. आधी वाळू गेली, मग फेस, मग पाणी. शेवटी कोळशाच्या चौकोनाएवढे आभाळ आणि पाण्याची एक पट्टी उरली.  तिने तीस वर्षे नवऱ्याला समुद्रावर पाठवले होते. न बोलता पाहत उभे राहणे हे तिचे कामच होते.

तिचा अजून एक भरवसा होता: नावांचा.

या गावात घराचे आढे गाऱ्हाण्याशिवाय, देवापुढच्या मागणीशिवाय, चढत नसे. देवाला सांगावे लागे, की घर कुणाचे आहे. गावाचे मानकरी नाना घाडी ते सांगत. त्यांच्या वडिलांनी सांगितले होते, आणि त्यांच्या वडिलांनी. सांगण्याआधी ते प्रत्येक माणसाच्या नावाने विड्याचे एक पान मांडत. घरात राहणाऱ्यांची पाने आढ्याच्या जागेखाली, उंबऱ्याच्या आत. जे समुद्रावर किंवा परमुलखात, त्यांची उंबऱ्याबाहेर. नवरा जिवंत असताना त्याचे पान किती वर्षे बाहेर पडले, आणि घरी आला की आत आले, हे तिला पाठ होते. पान आत असले की माणूस आत येतो. ती असे कोणाला बोलून दाखवत नसे, पण तिने तसे होताना पाहिले होते.

चुना आंबट वासाने सुकू लागला तेव्हा नाना काठी टेकीत आले. पंचाहत्तरीचे शरीर, आणि आवाज मात्र घंटेसारखा.

"नावां सांगा," ते बसत म्हणाले. "आत कोण कोण?"

"मी," आनंदीबाई म्हणाली. "सत्यवान. सुगंधा. दोन पोरां." पाने एकामागून एक पडली. "आणि दिगंबर."

नानांच्या हातातले पान क्षणभर हवेत राहिले. त्यांनी दिगंबराकडे पाहिले, मग तिच्याकडे, आणि ते पान पाचांच्या शेजारी ठेवले.

"भायर कोण?"

"कोण नाय."

 सत्यवान जमिनीकडे पाहत होता. गंगाराम दोराची गाठ उगाच घट्ट करत होता. त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि प्रत्येकजण ते पान तिथे राहू द्यायला तयार होता. दिगंबराला कळले की हे सगळे त्याच्यासाठी आजवर असेच खोटे सांभाळत आले आहेत, आणि देवापुढेही सांभाळतील. त्याने फक्त गप्प राहायचे होते. गप्प राहणे त्याला चांगले येत असे.

तो वाकला. सहावे पान त्याने उचलले. ते थंड होते, आणि अपेक्षेपेक्षा जड. उंबरा ओलांडून त्याने ते बाहेर, उन्हात, एकटे ठेवले.

"नाना," तो म्हणाला, आणि तेरा वर्षांनी ते बोल त्याच्या तोंडात न अडखळता आले, "माका भायरल्यांत घेवा."

आनंदीबाईने त्याच्याकडे पाहिले नाही. समुद्रावरून वारा सुटला होता, रोज या वेळी सुटतो तसा. पानाचे टोक वर उचलले गेले, पुन्हा टेकले.

"वाऱ्यान उडान जायत तां," ती म्हणाली. "वर खडो ठेव."

त्याने चिऱ्याचा एक कपचा शोधला आणि पानावर ठेवला. मग नानांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! समुद्राच्या तोंडार ही लेकरां घर उबारतत. जां कोणाचा चुकला आसात, तां पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"जी उंबऱ्याच्या आत आसत, तेंका सावली दी."

"व्हय म्हाराजा!"

"जां लेकरू भायर आसा, तेच्या वाटेर उजेड ठेव. इला तर पावण्यासारख्या नको, लेकरासारख्या येवंदे. आणि नाय इला, तरी थय तेका सुखात ठेव, रे म्हाराजा!"

या वेळी आवाज एकसाथ उठला नाही. दिगंबर आधी म्हणाला. मग सत्यवान, मग दाराआडून सुगंधा. आनंदीबाई सर्वांच्या शेवटी म्हणाली, इतक्या हळू, की फक्त तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दिगंबरालाच ऐकू आले.

दोर ताणले गेले. गंगारामाने हाळी दिली, आणि फणसाचे आढे डुलत, करकरत वर चढले, दोन्ही टोकांच्या भिंतींवर बसले. पहिली सावली घरात पडली, एका हाताएवढी रुंद. ती जमिनीवरून गेली, पाच पानांवरून गेली आणि उंबऱ्यापाशी संपली.

दिगंबर बाहेर उन्हात उभा होता. तो इथे राहायला येणार नव्हता.